आईच्या मुक्कामाची रजा

आमच्या गोळ्या-बिस्किटांच्या कारखान्यात चैत्र उजाडला की पोटदुखीची साथ येत असे. ही साथ मोठी शिस्तीची होती. ज्या गावची जत्रा असेल त्याच गावच्या कामगारांची पोटे दुखत, पालखीच्या दिवशी कळा अनावर होत, आणि कुस्त्यांचा फड उठला की दुसऱ्या दिवशी सकाळी सारे रुग्ण ठणठणीत होऊन, कानामागचा गुलाल पुरता न धुता, फाटकातून आत येत. चिंचवडला हजेरीखात्याचा मुख्य कारकून म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा या साथीचे समूळ उच्चाटन करणे हे मी आपले जीवितकार्य ठरवले.

माझा सिद्धान्त साधा होता आणि तो चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. हक्काची रजा माणसाने वर्षभर राबून कमावलेली असते. ती त्याने जत्रेला वापरावी, लग्नाला वापरावी, नुसते आढ्याकडे पाहत पडायला वापरावी. आजारपणाची रजा मात्र शरीरावरच्या संकटासाठी राखलेली असते. जो तिची उधळपट्टी करतो तो खोटे तर बोलतोच, शिवाय खऱ्या आजाऱ्याची पतही घालवतो. हे सर्व मी मॅनेजरसाहेबांना तीन बैठकींत समजावून सांगितले आणि वर स्वतःची एक सुधारणा जोडली: रजेचा अर्ज इंग्रजी छापील नमुन्यावर न घेता कामगाराकडून मराठीत, कारण स्पष्ट लिहून घ्यावा. परभाषेत खोटे बोलताना माणसाला ते आपले वाटत नाही. मातृभाषेत हात अडखळतो.

"बरं, रंगराव, तसं करा," साहेब म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. पुष्कळ लोक माझ्याशी सहमत होतात ते असेच होतात, हे मला उशिरा उमगले.

माझ्या परिपत्रकाने पोटदुखी खरोखरच आटोक्यात आली. मग भैरूचे प्रकरण उद्भवले.

भैरू हा भट्टीवरचा हंगामी कामगार. मावळातला, दापोडीत रुळांलगतच्या चाळीत आपल्या म्हातारीबरोबर राहणारा. जत्रेत त्याचे पोट कधी दुखले नव्हते. कायम करायच्या माणसांत त्याचे नाव पहिले होते, आणि ते मीच घातले होते. एके सकाळी तो आला नाही. त्याऐवजी त्याच्या शेजारी राहणारा भट्टीचा मिस्त्री चांदभाई माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"भैरू काही दिवस येणार नाही, रंगराव. आई आल्यात त्याच्या अंगावर."

"म्हणजे कांजिण्या."

"तेच."

"म्हणजे आजार. अर्ज आणा, रजा आत्ता मंजूर करतो."

चांदभाईने घडी घातलेला कागद पुढे केला. त्यावर चाळीतल्या कोणीतरी भैरूच्या वतीने लिहिले होते की, घरी आईचा मुक्काम असल्याकारणाने हक्काची रजा मिळावी. मी चष्मा काढून पुसला. भैरूचे वर्ष भरलेले नव्हते. हक्काच्या रजेचा त्याला हक्कच नव्हता. आजारपणाची रजा मात्र पुरेशी शिल्लक होती. जकातनाक्यावर माल लपवणारे पकडण्यात ज्याची हयात गेली, अशा शिपायापुढे कोणी रिकाम्या गाडीची जकात भरण्याचा हट्ट धरावा, तशी माझी अवस्था झाली. बिनमंजुरीची गैरहजेरी आठवड्यावर गेली तर हंगामी माणसाचे नाव पटावरून निघते, हा नियम चांदभाईला मी समजावला.

"मला कळतं हो," तो म्हणाला. "आक्काबाईला सांगा. त्याच्या आईला. मी सांगून थकलो."

मी त्याच संध्याकाळी दापोडीला गेलो. दारावर कडुनिंबाचे डहाळे होते. दारात आक्काबाई.

"वहाणा भाईर. पाय धुवा. आन् आवाज चढवायचा न्हाई. आईला भांडान खपत न्हाई."

आत भैरू निंबाच्या पाल्यावर पडला होता. तोंडभर, छातीभर फोड. घरात फोडणीचा वास नव्हता. मी त्याच्या उशाशी बसलो आणि हलक्या आवाजात युक्तिवाद मांडू लागलो. आपल्या युक्तिवादातले निम्मे बळ आवाजात असते हा शोध मला तेथे लागला.

"आक्काबाई, भैरूला रजा मिळते आहे. त्यासाठी फक्त तो आजारी आहे असे लिहून द्यायचे."

"माझा लेक आजारी न्हाई."

"मग हे फोड?"

"आई पावनी आल्यात. येतात, ऱ्हातात, जातात. त्यास्नी रोग म्हनलं की रागावतात. माझ्या भनीच्या लेकीला एका शान्यानं रोग झालाय म्हनून सांगितलं. डोळ्यांत उतरल्या. पोरगी आजूक चाचपडत चालतीया."

"ते देवी निघाल्यामुळे असेल. या कांजिण्या आहेत. शास्त्र वेगळे—"

"तो बी शास्तरच म्हनत हुता."

"पण नोकरी जाईल हो!"

"नोकरी दुसरी गावंल. डोळं गावत्याल व्हय?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होते. त्याचे तीन भाग होते. दुसऱ्या भागाशी असताना तिने माझ्या हातात ताकाचा पेला दिला, आणि ताक पिताना बोलता येत नाही.

"साहेब," भैरू पाल्यावरून म्हणाला, "तुमीच लिवा की काय ते. मी काय म्हनत न्हाई."

"दुसऱ्याच्या वतीने कारण लिहिणे परिपत्रकात बसत नाही, भैरू."

"परिपत्रक कुनी काढलंय?"

मी विषय बदलला. डॉक्टरांना पाठवू का, म्हणून विचारले. आक्काबाईने डॉक्टर उंबऱ्याच्या आत येणार नाही असे सांगितले. बाहेर पडताना चांदभाईने विचारले, "किती जवळ बसला होता तुम्ही! तुम्हाला होऊन गेल्यात ना?"

"लहानपणीच," मी म्हणालो. मी कोणतीही गोष्ट ज्या ठामपणाने सांगतो, त्याच ठामपणाने.

पुढे आठवडा उलटला, दुसराही सरत आला. भैरूचा कागद मी खणात दाबून ठेवला आणि साहेबांनी विचारले की अर्ज येतो आहे असे सांगत राहिलो. नियमाचा रखवालदार नियमाच्याच पाठीमागे लपून बसला होता, पण त्याला मी तेव्हा विवेक असे नाव दिले होते.

मग एके सकाळी माझी पाठ खाजू लागली. माझ्या आईने, दुर्गाबाईंनी, सदरा वर करून पाहिला आणि हात जोडले.

"आई, हे कसे शक्य आहे? मला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या."

"तुला गोवर आला होता. कांजिण्या तुझ्या भावाला. तू तेव्हाही हट्ट धरला होतास, मलाच झाल्या म्हणून."

तासाभरात आमच्या दारावर कडुनिंब लागला. फोडणी बंद झाली, घरातले बोलणे कुजबुजीवर आले, आणि माझ्या आयुष्यातली सर्वांत घोर शिक्षा सुरू झाली. ज्याच्या अंगावर आई आल्या त्याचा शब्द मोडायचा नसतो. मी दूध कोमट आहे म्हणालो की ते बदलले जाई. मंगळवारी मी सोमवार म्हणालो, तर आई म्हणाली, "असेल बरं." मी मुद्दाम एक साफ चुकीचे विधान केले, तिने मान डोलावली. वाद घालण्यातच ज्याची उमर गेली त्या माणसाचे सलग चार दिवस सगळे खरे ठरत होते, आणि मी तळमळत होतो. आईला वाटले, खाज सुटली असेल.

स्वतःचा रजेचा अर्ज लिहिणे भाग होते. मी दौत-टाक मागितला. आईने तो दिला, कारण नाही म्हणता येत नव्हते. आणि मी काय लिहितो हे दिसू नये म्हणून ती भिंतीकडे तोंड करून बसली. तिच्या पाठीकडे पाहत मी 'आजारी' या शब्दापर्यंत आलो आणि थबकलो. माझा त्या समजुतीवर विश्वास नव्हता. पण तिने भिंतीकडे तोंड ठेवूनच डोक्यावरून पदर ओढून घेतला. शेवटी मी 'घरगुती कारणास्तव' असे लिहिले. हे तेच दोन शब्द, जे दिसताच दुसऱ्यांचे अर्ज मी तांबड्या शाईने परत धाडत असे.

दुसऱ्या दिवशी चांदभाई तो अर्ज घेऊन परत आला. वर साहेबांचे अक्षर होते: 'कारण स्पष्ट लिहावे. आपलेच परिपत्रक पाहावे.'

"आणखी एक," चांदभाई उंबऱ्यातून म्हणाला. "साहेबांनी तुमचा खण उघडला. भैरूचा आजारपणाचा अर्ज उद्या दुपारपर्यंत आला नाही, तर नाव काढणार. त्याच्या जागी माणूसही बघून ठेवलाय. मी भैरूला घेऊन आलोय. आक्काबाईही आलीय. आणि कारखान्याचे डॉक्टर तुम्हाला बघायला येतायत."

आक्काबाई दहीभाताचा डबा घेऊन आत आली. माझ्या आईने तिला पाट दिला. दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि त्यांचे सर्व मुद्द्यांवर एकमत झाले. मागोमाग भैरू आला. त्याचे फोड सुकून खपल्या झाल्या होत्या. तो माझ्या खाटेपाशी गुडघे टेकून बसला आणि त्याने हात जोडले.

"आई," तो मला म्हणाला, "माझी नोकरी ऱ्हाऊ दे."

"भैरू, मी आई नाही. मी मुख्य कारकून आहे."

"आई पयल्यांदा असंच म्हनती," आक्काबाई माझ्या आईला हळूच म्हणाली.

"काहीतरी उत्तर दे रे त्यांना," माझी आई म्हणाली. "पाहुणे ताटकळलेत."

मला कोणत्याही स्थायी आदेशाने भैरूची नोकरी राखण्याचा अधिकार नव्हता. तसे स्पष्ट करावे म्हणून मी उठून बसलो, पण त्याचे जोडलेले हात पाहिले. भट्टीच्या आचेने ते कोपरापर्यंत काळवंडले होते. हा मनुष्य माझ्याशी थट्टा करीत नव्हता.

तेवढ्यात डॉक्टर आले. उंबऱ्यातच त्यांनी बूट काढले. मला पाहिले, मग भैरूला पाहिले, आणि त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवले.

"याला तर माझ्याकडे आणायलाच हवा होता. कांजिण्याच आहेत. खपल्या गळेपर्यंत कारखान्यात पाऊल टाकायचं नाही. बिस्किटं लोक खातात. हा नियम आहे."

"नियम?" मी विचारले.

"आमच्याकडेही असतात, रंगराव. याचा दाखला मी देतो. सगळे दिवस आजारपणाच्या रजेत जमा होतील. फक्त अर्ज हवा."

"अर्ज द्येनार न्हाई," आक्काबाई म्हणाली. "त्यात ते अक्षर हाय."

डॉक्टरांनी बॅगेतून जुना छापील नमुना काढला. परिपत्रकाच्या आधीचा. दवाखान्यात त्याचा गठ्ठा तसाच पडून होता. "हा इंग्रजी आहे. इथे रोगाचं नाव मी घालतो, खाली याने अंगठा द्यायचा."

"इंग्रजी?" आक्काबाईने कागद उलटासुलटा करून पाहिला. "म्हंजी मराठीत त्ये अक्षर कुटंच न्हाई?"

"कुठेच नाही."

"मग काय बी लिवा. आईला इंग्रजी कुटं येतंय!"

भैरूने वळून माझ्याकडे पाहिले. आक्काबाईने पाहिले, माझ्या आईने पाहिले. कोणी हालचाल करीना. तेव्हा माझ्या ध्यानात आले की निर्णय माझ्याच तोंडून यायची ते वाट पाहत होते. मी नाही म्हटले असते, तर आक्काबाईने तो कागद त्या क्षणी परत केला असता आणि भैरूचे नाव दुसऱ्या दिवशी दुपारी पटावरून गेले असते.

माझ्या मनात हरकती तयार होत्या. जी भाषा कळत नाही तिच्यातल्या विधानाखाली अंगठा देणे म्हणजे संमती देणे होय काय, ही पहिली. खोटेपणा टाळण्यासाठी काढलेला नियम खरेपणासाठीच मोडला गेला, तर मूळ सिद्धान्ताचे काय उरते, ही दुसरी. तिसरी सर्वांत सुंदर होती. मी ती मांडण्यासाठी तोंड उघडले.

डॉक्टर थर्मामीटर झटकत पुढे आले. त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिले. मला वाटते, त्यांना मॅनेजरसाहेबांनी माझ्याविषयी बरेच सांगितले असावे.

"असंच ठेवा तोंड," ते म्हणाले.

मी ते बाजूला सारू शकलो असतो. माझा शब्द मोडायचाच नव्हता. हाताने नुसते थांबा म्हटले असते, तरी सगळे थांबले असते. मी जीभ उचलली आणि थर्मामीटर खाली घेतले.

"बोलत न्हाईत," भैरू कुजबुजला.

"नको म्हनत न्हाईत," आक्काबाई म्हणाली. "दे अंगठा."

माझ्या दौतीतली शाई अंगठ्याला फासून भैरूने तो कागदावर टेकवला. त्याने फुंकर घातली. डॉक्टरांनी रोगाचे नाव लिहिले, सही केली, आणि माझ्याकडे हात पुढे केला.

"झालं, रंगराव. काढा."

मी मान हलवून नकार दिला. चांदभाई कागद खिशात घालून जिना उतरला, त्याच्या सायकलीची घंटा कोपऱ्यावर वाजली, आणि मगच मी ओठ उघडले.