पॅड घालून झोपलेली ब्रेना

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या त्या गावात नऊ वर्षांच्या मुलींना बर्फावरच्या हॉकीच्या सरावासाठी मैदान मिळायचं ते पहाटे साडेपाचला. नंतरचे तास मोठ्यांचे. कपडे बदलायच्या खोलीत ओल्या हातमोज्यांचा आंबूस वास कोंडला होता. लिओना फ्रीसन खाली बसून मुलीच्या स्केटची नाडी आवळत होती, तेवढ्यात ब्रेनाने डोकं भिंतीला टेकलं आणि तोंड उघडं टाकून ती झोपूनही गेली.

“हिची बॅटरी उतरली वाटतं!” कोच डार्सी ह्लाडीने आपली एनर्जी ड्रिंकची बाटली पुढे केली. “दोन घोट पाज.”

बाटलीच्या तोंडाला त्याची थुंकी चमकत होती. दोन मुलींनी ती बाटली आधीच चोखली होती.

“नऊ वर्षांची आहे ती, डार्सी.”

“मग? मी तीस वर्षं चार तासांच्या झोपेवर काढली. मेलो का?”

मेला नव्हता. डोळे तांबारलेले होते, आणि हेच वाक्य त्याने पाच मिनिटांपूर्वीही म्हटलं होतं.

विषय टाळायला लिओना म्हणाली, “मी तर आज रेल्वे फाटकापाशी मालगाडीचे डबे मोजता मोजता झोपले. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला, तेव्हा फाटक कधीच उघडलेलं!”

“हे काहीच नाही,” वेड नावाचा एक बाप म्हणाला. “मंगळवारी माझे डोळे उघडले तर ट्रक शेतात, बर्फात! मागे पोरं घोरतायत!”

सगळे खदखदून हसले. लिओनाही हसली. स्वतःचं ते हसणं कानावर पडलं आणि ती थांबली. फाटकापाशी तिच्या मागच्या सीटवर ब्रेना होती.

तिने मुलीच्या गळ्यापाशी बोट घालून पॅडचा पट्टा सैल केला. सकाळची दहा मिनिटं वाचावीत म्हणून तिने ब्रेनाला रात्री खांद्या-छातीवरची हॉकीची पॅड घालूनच झोपवलं होतं. निम्मी टीम तशीच झोपायची. आया ही युक्ती एकमेकींना कौतुकाने सांगायच्या. पट्ट्याखालची कातडी लाल, चिकट झाली होती. आंबट वास येत होता. लिओना धान्य तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. ओला गहू तिने असा रात्रभर कधी कोंडून ठेवला नसता.

ती नाड्या सोडायला लागली.

“ए, काय चाललंय?” डार्सी म्हणाला. “एक सराव चुकला की शनिवारच्या मॅचला खेळायचं नाही, बाकावर बसायचं. नियम माहितीय ना?”

“माहितीय.”

“पोरीचं नुकसान करतेयस, लिओना.”

“करत होते,” ती म्हणाली.

गाडी चालवायचा तिला स्वतःचाच भरवसा नव्हता. वरच्या प्रेक्षकांच्या खोलीत हीटरजवळच्या बाकावर तिने ब्रेनाला निजवलं, एकेक पॅड काढलं, कोट पांघरला आणि शेजारी स्वतः आडवी झाली.

साडेनऊला ब्रेनाने तिला हलवलं. खाली बर्फावर पुरुष खेळत होते.

“सराव?”

“संपला.”

“तू मला उठवलं नाहीस? आता शनिवारी मला बाकावर बसवतील! तुझ्यामुळे! घाणेरडी आहेस तू, आई!”

“हो,” लिओना म्हणाली.

ब्रेना ओरडतच राहिली. आवाज खणखणीत होता, आणि डोळे पूर्ण उघडे.