छापातला उजवा हात

नवरा तांब्याच्या पत्र्यावर सुईने चित्रं कोरायचा आणि त्यांचे छाप काढायची थोरली. माहेरी सगळे तिला थोरलीच म्हणत. नवऱ्याचा विषय ठरलेला, फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या वळणाचा: रोजच्या कामात गुंतलेल्या बायका. कुणी इस्त्री करतेय, कुणी मोजे रफू करतेय, कुणी नुसतीच खिडकीशी बसलीय. चित्रांत बायका पुष्कळ, पण समोर बसणारी एकच. "समोर माणूस असल्याशिवाय माझी सुई हलत नाही," असं नवरा चारचौघांत सांगायचा, आणि थोरली बापडी मान आखडेपर्यंत बसायची.

पत्र्यावर सरळ काढलेलं कागदावर उलटं उमटतं. त्यामुळे खोलीतली डावीकडची खिडकी छापात उजवीकडे जायची आणि उजव्या हाताची थोरली डावरी व्हायची. "छापात तरी माझ्यासारखी झालीस," धाकटी बहीण हसायची. ती जन्माची डावरी. लहानपणी त्यापायी आईच्या चापट्या खाल्लेली.

आईच्या शेवटच्या आजारपणात थोरली माहेरी जाऊन राहिली. धाकटीचा फोन यायचा, "ताई, कामावरून सुटकाच नाही गं. सगळे रजेवर, मी एकटी अडकलेय." इकडे दार वाजलं की आई विचारायची, "धाकटी आली का?" शेवटपर्यंत विचारत राहिली.

सगळं आटोपून परतल्यावर थोरलीने पुन्हा कामाला हात घातला. तिच्या माघारी कोरलेला एक पत्रा टेबलावर होता. तिने त्यात शाई भरली, वरची शाई कापडाने आणि मग तळहाताने पुसली, ओला कागद ठेवून प्रेसचं चाक फिरवलं. कागद उचलला. खिडकीशी पाठमोरी बसलेली बाई, खांद्यावरून घसरलेला गाऊन, केसांत कंगवा.

गाऊन तिने लगेच ओळखला. तिचाच होता. मग नजर कंगव्यावर गेली. खिडकी नेहमीसारखी उजवीकडे गेली होती. पण कंगवाही उजव्याच हातात होता.

म्हणजे बसणारीच्या डाव्या.

"ही कोण?" तिने विचारलं.

"कोण म्हणजे? तूच," नवरा म्हणाला. "तू नव्हतीस, आठवण यायची. काढली."

"समोर माणूस नसताना?"

"जमतं कधीतरी."

"अहो, कंगवा उजव्या हातात आहे."

"मग? तू उजवीच आहेस की."

जन्मभर पत्रे कोरलेल्या माणसाला आपण काय बोलून बसलो ते कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तो चिंधी घेऊन मुळात स्वच्छ असलेली सुई पुसू लागला.

"दुपारची यायची ती," तो म्हणाला.

"आणि कामावर कोण जायचं?"

"रजा काढली होती तिने."

नवऱ्याचं एक वेळ थोरलीच्या डोक्यात शिरलं असतं. रजेचं काही केल्या शिरेना.

रविवारी धाकटी आली. छाप दोरीवर वाळत होता. चोराच्या मनात चांदणं, तिने एकदाच तिकडे पाहिलं आणि घाईने म्हणाली, "छान आलाय गं. हुबेहूब तू." थोरलीने चहा ओतला. नवरा आतल्या खोलीतून बाहेर आलाच नाही.

"ताई," कप हातात घेत धाकटी म्हणाली, "विचारीन विचारीन म्हणते, धीर होत नाही. आई माझ्याबद्दल काही बोलली का गं?"

आई बोलली होती. धाकटी जरा सावरली की जवळ घेऊन सांगू, म्हणून थोरलीने ते जपून ठेवलं होतं.

"बोलली. म्हणाली, पोरीला कामावरून सुटका मिळत नसेल. तिच्यावर रागावू नकोस."

धाकटीचे डोळे भरून आले. डाव्या हाताने ते पुसता पुसता तिचं लक्ष पुन्हा छापाकडे गेलं, आणि हात तिथेच थांबला.

थोरलीने चिमटे काढून छाप तिच्या पुढ्यात ठेवला.

"मी तेव्हा आईला हो म्हटलं होतं," ती म्हणाली.