गज चावणारे वैद्यराज

औषधाच्या पुड्या देणाऱ्या बाबांच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. जिन्यावर माणसं, दाराशी चपलांचा ढीग आणि आत सगळे श्वास रोखून बसलेले. समोर स्टुलावर मखमलीचा तुकडा, त्यावर बुटाच्या खोक्याएवढा पिंजरा, आणि पिंजऱ्यात एक तपकिरी-पांढरा गिनी पिग. पण त्याला गिनी पिग म्हणायची चोरी! त्याचं नाव वैद्यराज.

"गेल्या जन्मी हे थोर वैद्य होते बरं का!" शेजारी बसलेले बाबा शाल सावरत म्हणाले. "बोलता येत नाही, म्हणून दातांनी सांगतात. गज वाजले तर होय, गप्प राहिले तर नाही. विचारा, मनात काही ठेवू नका!"

"माझ्या नवऱ्याची कंबर बरी होईल का हो?" एका बाईनं विचारलं.

खड्‌ खड्‌ खड्‌! वैद्यराज गजांवर तुटून पडले. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बाबांनी तिच्या हातात पुडी ठेवली.

मागे भिंतीला टेकून घड्याळजी उभा होता. त्याच्या मनात पाल चुकचुकत होती. दोन वर्षांपूर्वी हाच गृहस्थ बाजाराच्या तोंडाशी उंदीर मारायचं औषध विकायचा, हे त्याला चांगलं आठवत होतं. तो काही हौसेनं आला नव्हता. ताईला जिन्याच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या होत्या, म्हणून तिचा हात धरून यावं लागलं होतं.

ताईनं शिलाई मशीन चालवून या धाकट्या भावाला वाढवलं होतं. तिचा उजवा डोळा लहानपणापासून अधू. आता डाव्यापुढेही काळी सावली सरकत होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आतला पडदा सुटतोय, शुक्रवारी ऑपरेशन करायचं, उशीर केलात तर डोळा जाईल. आज सोमवार होता.

"वैद्यराज," ताई पिंजऱ्याकडे वाकली, "मी ऑपरेशन करून घेऊ का?"

वैद्यराज कोपऱ्यात अंग चोरून बसले. हूं नाही की चूं नाही.

"नको म्हणतात! ऐकलंत ना सगळ्यांनी?" बाबांनी हात उंचावले. "महिनाभर ही पुडी पाण्यात कालवून डोळ्यांत घाला. सुरी लावू नका."

घड्याळजीला वाटलं, पुढे होऊन बाबांना जाब विचारावा. पण बंद घड्याळ आलं की तो लगेच उघडत नसे, आधी कानाला लावी. त्यानं डोळे मिटले आणि ऐकत राहिला. पुढच्या चार प्रश्नांत तीनदा होय आलं. तिन्ही वेळा, दात वाजण्याआधी, बाबांच्या शालीखालून बारीक आवाज आला. टिक. ज्या वेळी टिक नाही, त्या वेळी दातही नाहीत.

घरी आल्यावर त्यानं हे सांगितलं, तर ताई उसळलीच. "तुझा मेल्या कशावर विश्वास आहे का?" मग खुर्चीत बसून हळूच म्हणाली, "मला सुरीची भीती वाटते रे, छोट्या. वैद्यराज नको म्हणाले तेव्हा किती हलकं वाटलं मला." त्यानं तिच्यापुढे चहा ठेवला. पुडी मात्र त्यानं लपवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाई दुकानात घड्याळ न्यायला आल्या.

"बाई, गिनी पिग पिंजऱ्याचे गज का हो चावतो?"

"भूक, कंटाळा, आणखी काय?" बाई हसल्या. "त्याचे दात जन्मभर वाढत राहतात. दिवसभर चघळायला गवत हवं, पळायला जागा हवी, जोडीला सोबती हवा. एवढ्याशा डब्यात एकट्याला कोंडलं तर तो गजच चावणार. आणि चावल्यावर कुणी गाजर दिलं, की पक्की सवय! मग खाऊच्या डब्याचं झाकण नुसतं वाजलं तरी चावत सुटतो."

गुरुवारी तो ताईला म्हणाला, "एकदा परत विचारू. मग तू म्हणशील तसं." ती तयार झाली.

खोली तशीच भरलेली. घड्याळजी सरळ पुढे गेला. "वैद्यराज, हे बाबा आम्हाला फसवतायत का?" आणि खिशातल्या स्क्रूच्या डबीचं झाकण त्यानं दाबलं. टिक.

खड्‌ खड्‌ खड्‌ खड्‌!

खोलीत कुणीतरी फिस्‌कन हसलं. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. "नास्तिकाची सावली पडली! वैद्यराज कोपले!"

"कोपले नाहीत, उपाशी आहेत," घड्याळजी म्हणाला. त्यानं डबी ताईच्या हातात दिली. "ताई, तूच दाब. तूच विचार."

ताईनं बोटांनी झाकण चाचपलं. "ऑपरेशन करू?" टिक. खड्‌ खड्‌ खड्‌. ती थबकली. "नको करू?" टिक. खड्‌ खड्‌ खड्‌.

ताईनं डबी त्याला परत दिली. मग घड्याळजीनं पिशवीतलं गवत गजांतून आत सारलं. वैद्यराजांनी त्यात तोंड खुपसलं. लोकांनी विचारलं, बाबांनी शालीखालची डबी रागारागानं दाबली, टिक टिक टिक, पण आता उत्तर येईना. ती डबी हातातून निसटली आणि घरंगळत सगळ्यांच्या समोर आली. आत गाजराचे तुकडे होते.

"पण माझ्या नवऱ्याची कंबर थांबली हो दुखायची!" कंबरवाली बाई कळवळून म्हणाली.

"कंबर कधी आपसूकही थांबते, बाई," ताईच म्हणाली. "माझा डोळा थांबणार नाही. चल रे छोट्या, उद्या लवकर निघायचंय."

डोळा वाचला. पूर्वीइतका लख्ख नाही, पण ताई सुईत दोरा ओवते. बाबा पिंजरा टाकून पसार झाले. वैद्यराज आता दुकानामागच्या खोलीत मोठ्या लाकडी खोक्यात, सोबतिणीबरोबर राहतात.

चमत्कार दिसला की आपण आधी हात जोडतो. आधी कान द्यावा, आवाज कुठून येतो ते पाहावं, आणि डोळ्याचं दुखणं डोळ्याच्या डॉक्टरांना विचारावं. भीती सगळ्यांनाच वाटते, त्यात लाज नाही. पण तिच्यावर कुणाला आपली पोळी भाजून घेऊ देऊ नये.

परवा ताईनं मशीनवरून मान वर करून विचारलं, "काय रे, वैद्यराज हल्ली काही सांगत नाहीत?"

"नाही," घड्याळजी म्हणाला. "पोट भरलंय त्यांचं."