एका ओळीची खिडकी

माझ्या चौकटीची डावी कड उजव्या कडेपेक्षा दीड मिलिमीटर जास्त झिजली आहे. हे अंदाजाने सांगत नाही. कालिंदीबाईंनी स्टीलची पट्टी लावून मोजलेलं आहे. कारण साधं आहे. ओळ डावीकडून सुरू होते आणि पहिल्या शब्दापाशी मुलांचा अंगठा बराच वेळ दाबून धरलेला असतो. ओळीच्या शेवटी तो लवकर सुटतो.

मित्रांनो, मी पुठ्ठ्याची वाचनखिडकी आहे, आणि आता जुनी झाले आहे. पुस्तकाच्या पानावर मला ठेवलं की माझ्या कापलेल्या फटीतून फक्त एक ओळ दिसते. वरची झाकलेली, खालचीही झाकलेली. मलाही एका वेळी तेवढीच ओळ दिसते. बाकी सगळं मी ऐकून जाणते.

माझा जन्म मुरगूडच्या एका शाळेत, अकरा वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात झाला. त्याआधी मी चपलांच्या खोक्याचं झाकण होते. पाठीवर अजून 'नंबर ७' असं अर्धवट पुसलेलं दिसतं. कालिंदीबाई रसायनशास्त्र शिकलेल्या. शाळेत त्या विज्ञान शिकवायला आल्या. पण इंग्रजीचे सर निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही आणि सातवीचं इंग्रजीही बाईंकडे आलं. बाईंनी तक्रार केली नाही. त्यांनी दुकानातून खोकी मागून आणली, ब्लेडने कापली आणि अडतीस खिडक्या तयार केल्या. प्रत्येकीची फट अकरा सेंटिमीटर लांब आणि आठ मिलिमीटर उंच.

कामाची पहिली वर्षं चांगली गेली. बाईंचा नियम ठरलेला होता. स्वल्पविराम दिसला की मनात 'एक' म्हणायचं. पूर्णविराम आला की 'एक, दोन' म्हणायचं आणि मगच मला खालच्या ओळीवर सरकवायचं. मुलांनी त्याला आपली नावं दिली. स्वल्पविराम म्हणजे शेपटी, प्रश्नचिन्ह म्हणजे विळा, अवतरणचिन्हं म्हणजे डूल. पुढे जिल्ह्यातून एक अधिकारी आले. त्यांनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि माझा फोटो काढला. त्या दिवशी माझं फार कौतुक झालं.

मग वर्गात मोठा टीव्ही आला. त्यावर पान आपोआप सरकायचं, त्यामुळे आमची गरज उरली नाही. माझ्या काही बहिणी पंख्यासारखा वारा घालण्यात गेल्या, काही बाकाच्या डुगडुगत्या पायाखाली गेल्या. उरलेल्यांना कपाटात कसर लागली. मी एका खणाच्या कागदाखाली चिकटून राहिले होते, एवढ्यामुळेच वाचले. सहा वर्षं मी एकही ओळ पाहिली नाही.

गेल्या नोव्हेंबरात बाईंनी तो खण उपसला आणि मी सापडले. त्यांनी फुंकर मारून धूळ उडवली आणि त्याच तासाला मला वर्षाराणीच्या पुस्तकावर ठेवलं.

वर्षाराणी सातवीतली. तिचे वडील शिवशरण यांचं बाजारपेठेत पंप आणि पाइपांचं दुकान आहे. घर मूळचं सीमेकडचं. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी; वडील म्हणजे अप्पा, आजी म्हणजे अव्वा. या मुलीचं इंग्रजी वाचन शाळेत गाजलेलं होतं. ती उभी राहिली की एका दमात पान संपवायची. आपल्याकडे याला 'फाडफाड' म्हणतात, आणि फाडफाड म्हणजे उत्तम, यात कुणाला शंका नसते. मुख्याध्यापक राजवर्धन सर आल्यागेल्या पाहुण्यांसमोर तिलाच उभं करायचे. वर्गातल्या धैर्यशीलने तिचं नाव 'राणी एक्स्प्रेस' ठेवलं होतं.

"एक्स्प्रेस सुटली रं!" तो मागच्या बाकावरून म्हणायचा. "मधल्या टेशनात न्हाई थांबत."

"तुझी बैलगाडी हाय म्हणून जळतोस व्हय?" वर्षाराणी म्हणायची.

त्या तासाला बाईंनी मला पानाच्या मध्यावर, एका परिच्छेदाच्या चौथ्या ओळीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "इथून वाच."

वर्षाराणीने वाचायला सुरुवात केली. आवाज खणखणीत होता, वेगही नेहमीचा होता. पण तिच्या तोंडून जी ओळ येत होती ती माझ्यात नव्हती. माझ्यात चौथी ओळ होती आणि ती पहिली बोलत होती. तिला मधून सुरुवात करताच येत नव्हती, कारण ती वाचत नव्हती. मोबाइलवर ऐकून तिने सगळं पुस्तक पाठ केलं होतं. पाठ केलेलं माणसाला पहिल्यापासूनच म्हणावं लागतं.

वर्गाच्या लक्षात आलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही तिला बस म्हणून सांगितलं. फक्त तिचा अंगठा माझ्या डाव्या कडेवर इतका घट्ट दाबलेला होता की तिथे घामाचा गोल डाग पडला. तो अजून आहे.

मधल्या सुट्टीत बाईंनी तिला थांबवून घेतलं.

"कधीपासून पाठ करतेस?"

"पाचवीपासनं," ती म्हणाली. मग घाईने, "बाई, कुणाला सांगू नका. मी शिकतो. लगेच शिकतो की." आमच्याकडे मुलीही 'मी शिकतो, मी जातो' असंच बोलतात.

"मी सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "सांगायचं झालं तर तू सांगायचंस."

त्या दिवसापासून रोज सुट्टीची वीस मिनिटं आम्ही तिघी बसू लागलो. प्रगती हळू होती. डिसेंबरात एका दिवशी तिला सव्वातीन ओळी झाल्या, दुसऱ्या दिवशी दोनच. अक्षरं तिला येत होती, पण शब्द लागायचे नाहीत, आणि लागले तरी वाक्य कुठे संपतं ते कळायचं नाही. मग बाईंनी कोऱ्या कागदावर एक वाक्य लिहिलं आणि त्यावर मला ठेवलं. 'नो सॉल्ट इज ॲडेड.'

"मीठ न्हाई घातलेलं," बऱ्याच वेळाने ती म्हणाली.

बाईंनी माझ्या फटीतून पेन घालून 'नो'च्या पुढे एक स्वल्पविराम काढला. "आता?"

ती थांबली. मनात 'एक' म्हणाली असावी. "न्हाई... मीठ घातलंय." पुन्हा वाचलं. "न्हाई, मीठ घातलंय! अगं बाई! एका शेपटीनं अळणी आमटी खारी झाली की!"

ती हसली. शाळेच्या इंग्रजीतलं पहिलं वाक्य तिला त्या दिवशी समजलं. मी ते मोठं म्हणत नाही, लहानही म्हणत नाही. ते घडलं, एवढं सांगते.

मार्चअखेरीस वर्गात फॉर्म वाटले. आठवीला सेमी घ्यायचं की मराठी, ते पालकांनी लिहून द्यायचं होतं. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. वर्षाराणीने फॉर्म माझ्याबरोबर त्याच पुस्तकात ठेवला. त्यावर दोन रिकामे चौकोन होते, पहिला सेमीचा, दुसरा मराठीचा. तीन आठवडे ते माझ्या पोटाला चिकटून होते आणि तीन आठवडे रिकामेच राहिले.

विज्ञान हा तिचा जीव होता. मनुके पाण्यात का फुगतात आणि साखरेच्या पाकात का फुगत नाहीत, हे ती मराठीत अशी समजावून सांगायची की धैर्यशीलही गप्प बसून ऐकायचा. तेच इंग्रजीतून आलं, की ती पुन्हा पाठ करणार, हे बाईंना दिसत होतं. तिलाही दिसत होतं. पण नाही म्हणायचं तर का, हे सांगावं लागणार होतं. तीन वर्षांच्या टाळ्या परत द्याव्या लागणार होत्या.

"बाई, तुम्हीच सांगा की अप्पास्नी," ती एकदा म्हणाली.

बाई म्हणाल्या, "मी मराठी शाळेतून कॉलेजात गेले. पुस्तकं सगळी इंग्रजी. पहिलं वर्ष मी पाठ करून काढलं, दुसऱ्या वर्षी नापास झाले. तोपर्यंत कुणाला बोलले नव्हते. घरी वाटायचं, पोरगी हुशार आहे. ते वाटणं मोडवत नव्हतं."

"मग?"

"मग निकालानं मोडलं. माझ्या तोंडानं मोडलं असतं तर बरं झालं असतं."

मित्रांनो, इथे थोडं माझ्याबद्दल सांगते, कारण पुढे मला बोलायला जागा उरणार नाही. माझ्यासारख्या वस्तूला फार जपावं लागत नाही. पाणी लागू देऊ नका, दुमडू नका, काम झालं की पुस्तकात ठेवा. आणि माझ्यातून वाचताना खूण दिसेल तिथे थांबा. थांबण्यात कमीपणा नाही. तुमच्याकडे घाईत सरकून गेलेल्या ओळी असतील तर मागे जा. पान कुठे पळून जात नाही.

फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस एप्रिलमधला शनिवार होता. शिवशरण दुकान गड्यावर सोपवून सकाळीच शाळेत आले. ऑफिसात राजवर्धन सर होते, कालिंदीबाई होत्या. वर्षाराणीने पुस्तक छातीशी धरलं होतं आणि मी पुस्तकात होते.

"या, या शिवशरणराव," सर म्हणाले. "सही करायला एवढे दिवस व्हय? सेमीत पहिलं नाव तुमच्याच लेकीचं धरलंय मी."

"फॉर्मच दाखवला न्हाई हिनं, सर. काल दप्तरात सापडला." शिवशरण हसले. "सेमीच की. त्यात इचारायचं काय? सर, खरं सांगू का? पंपाच्या कंपनीचा माणूस येतो, इंग्रजी झाडतो, आन् मी नुसती मुंडी हलवतो. काय बोलला ते मला कळत न्हाई, आन् कळत न्हाई म्हणायची लाज वाटती. माझ्या लेकीला तशी मुंडी हलवायची पाळी येऊ ने."

त्यांनी खिशाचं पेन काढलं. टोपण काढल्याचा आवाज मी ऐकला.

"अप्पा, थांबा," वर्षाराणी म्हणाली.

तिने पुस्तक टेबलावर उघडलं. फॉर्म बाजूला केला. मला उचलून एका पानावर ठेवलं. कुठलं पान ते तिने पाहिलंही नाही. मग माझ्यात जी ओळ आली ती ती वाचू लागली. पहिल्या शब्दाला ती अडली. पुन्हा म्हणाली. शेपटीपाशी थांबली. पुढचे तीन शब्द आले, चौथा आला नाही. तिचा आवाज खणखणीत नव्हता. ओळ संपायला दीड मिनिट तरी लागलं.

"काय गं?" शिवशरण म्हणाले. "बरं न्हाई व्हय तुला? रोजच्यासारखं वाच की."

"घाबरली असेल," सर म्हणाले. "वर्षाराणी, पहिल्यापासून घे. तुझं ते फाडफाड होऊन जाऊ दे."



वर्षाराणीने मला पानावरून उचललं आणि पुस्तक मिटलं.

"सर, ते फाडफाड पाठ केलेलं हाय," ती म्हणाली. "अप्पा, मला इंग्रजी वाचायला येत न्हाई. तीन वर्षं मी बी नुसती मुंडीच हलवतोय. आत्ता वाचलं न्हवं का, तेवढंच खरं येतंय."

शिवशरणांच्या हातातलं पेन उघडंच होतं. कुणी काही विचारायच्या आत तिने फॉर्म ओढून त्यांच्यापुढे ठेवला आणि दुसऱ्या चौकोनावर बोट टेकवलं.

"हितं खूण करा, अप्पा. मी सेमीला जाणार न्हाई. इज्ञान मराठीतनं शिकणार, आन् इंग्रजी पाचवीच्या पुस्तकापासनं."