सोफ्यावर विसरलेला खंड

१९९१ साली मिलपिटासच्या आमच्या कंपनीला एकच प्रश्न पडला होता: घरच्या कॉम्प्युटरला सीडी-रॉम ड्राइव्ह बसवून दिला, तर तो घेईल कोण? आम्ही फक्त ड्राइव्हच बनवत होतो, त्यामुळे प्रश्न अगदीच फालतू नव्हता. बाजाराचं भविष्य सांगणाऱ्या एका संस्थेकडून आम्ही जाडजूड अहवाल आणवला. पाच वर्षांत शंभरातल्या दोन ते चाळीस घरांत ड्राइव्ह दिसेल, असं त्यात छातीठोकपणे म्हटलं होतं. इतकं ऐसपैस भविष्य हवामान खातंही सांगत नाही.

आमची विक्रीप्रमुख लोरेन पास्क्वाली हिने अहवाल टेबलावर आपटला. "हॅस्केल, आकडे पुरे. मला लोकांच्या घरात शिरलेला माणूस आण."

असा एक माणूस मला माहीत होता, कारण तो माझ्याच घरात शिरला होता. व्हर्जिल स्टेनक्विस्ट दारोदार ज्ञानकोश विकायचा. माझी मुलगी चार महिन्यांची असताना त्याने अर्ध्या तासात मला तिच्या कॉलेजप्रवेशाची काळजी लावली आणि चोवीस खंड आमच्या दिवाणखान्यात उभे केले. मुलगी आता नववीत होती. खंड अजून उभेच होते.

मी फोन केला तेव्हा ज्ञानकोशवाल्यांनी दारोदार विक्री बंद करून महिना झाला होता. व्हर्जिल बासष्ट वर्षांचा.

"काम आहे, की नुसत्या गप्पा?" त्याने विचारलं.

"आधी गप्पा, मग काम. घरोघरी ड्राइव्ह विकायला माणसं लागतील, त्यांच्यावर कोणीतरी लागेलच."

लोरेनने मला असंच म्हणायला सांगितलं होतं. माझा त्यावर विश्वासही होता, हे आता सांगून उपयोग नाही.

ऑगस्टच्या उकाड्यात तो तपकिरी सूट, हॅट आणि नमुन्यांची बॅग घेऊन आला. आम्ही सगळे अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून डोनट खात बसलो होतो.

"लोक ज्ञानकोश कशाला घेतात हो?" लोरेनने विचारलं.

"वाचायला नक्कीच नाही, बाईसाहेब. बावीस वर्षांत मी कितीतरी घरी परत जाऊन पाहिलंय. कडांचा सोनेरी मुलामा जसाच्या तसा, पानं एकमेकांना चिकटलेली. या हॅस्केलकडे जाऊन बघा."

सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. नोकरी होती.

"मग घेतात कशाला?"

"भीतीनं. शेजारच्या पोराकडे आहे, आपल्याकडे नाही. एकदा घेतला की आईबाप निर्धास्त झोपतात. पोरं आधीपासून झोपलेलीच असतात."

"आणि नाहीच म्हणाले तर?"

"एक खंड सोफ्यावर विसरायचा. जड बॅग, म्हातारा माणूस, विसरला बिचारा! तीन दिवसांनी आणायला जायचं. तोवर आईनं तो शेल्फवर ठेवून बघितलेला असतो. शेजारची रिकामी जागा तिच्या डोळ्यांत खुपत असते. तिनं आत बोलावलं की कॉफी, आणि कॉफी झाली की सही."

"आत नाही बोलावलं तर?" मी विचारलं.

"मग कोणाच्या तरी हातून खंड दारातच परत मिळतो. आपण टोपीला हात लावायचा आणि त्या घराची पायरी पुन्हा चढायची नाही."

लोरेन भराभर लिहून घेत होती. निघताना त्याने मला बाजूला घेतलं. "माझी तीस माणसं मोकळी बसलीत, हॅस्केल. सोमवारी आणू?"

"कळवतो," मी म्हणालो.

सोमवारी लोरेनने निर्णय सांगितला. कोणी उघडतच नाही, तर आत काय आहे याने काय बिघडतं? कुठला तरी जुना ज्ञानकोश स्वस्तात मिळवून सीडीच्या एका चकतीवर चढवायचा आणि प्रत्येक ड्राइव्हबरोबर फुकट द्यायचा. खोक्यावर अभ्यास करणारी मुलगी, मागे खिडकीतून बघणारा शेजारचा मुलगा. खोकी दुकानांत ठेवायची. भीती चित्रातच छापली होती, ती घेऊन दारोदार फिरायला माणूस कशाला?

नाताळात आमचे ड्राइव्ह पुरले नाहीत.

जानेवारीत व्हर्जिलला आभार म्हणून एक ड्राइव्ह द्यायचं ठरलं. त्याच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, पण ते कोणी विचारलं नाही. ऑफिसातल्या माझ्या खोलीत बसून त्याने खोकं उलटसुलट पाहिलं.

"पोरगं खिडकीत बरोबर उभं केलंय," तो म्हणाला. "आणि माझी माणसं?"

"खोकी दुकानांतूनच जातायत, व्हर्जिल. मी बोलतो लोरेनशी."

"बोल बाबा. मी एकटा असलो तरी चालेल."

तो गेला आणि खोकं खुर्चीवर राहिलं. हाक मारायला मी खिडकीशी धावलो. मोटारींच्या रांगांतून तो अगदी सावकाश चालला होता, मागे न बघता. मग माझ्या लक्षात आलं.

मी खोकं शेल्फवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी लोरेनकडे गेलो. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "हॅस्केल, मी वरच्या मजल्यावर चाललेय. माझी खुर्ची तुला हवी आहे ना? मग या महिन्यात नवीन माणसं मागू नकोस."

मी नाही मागितली.

तिसऱ्या दिवशी खालून फोन आला. "कोणी मिस्टर स्टेनक्विस्ट आलेत. काहीतरी विसरले म्हणतात. वर पाठवू?"

"नको. वस्तू खाली पाठवतो."

टपाल वाटणाऱ्या बाईच्या हाती मी खोकं दिलं आणि खिडकीशी उभा राहिलो. बाईने ते दारातच त्याच्या हातात दिलं. त्याने ते बगलेत धरलं, टोपीला हात लावला आणि तो निघाला.

त्यानंतर तो आमच्याकडे कधी आला नाही. आला असता तरी मला कळलं नसतं. माझ्या नव्या खोलीतून दार दिसत नाही.