मंडळाच्या खुर्च्या

सोफेवाल्याला बोलायची सवय नव्हती, आणि याला त्याचा धंदाच कारण होता. सोफ्यावर कापड चढवायचं म्हणजे डाव्या हाताने ते ताणून धरायचं, ओठांत धरलेल्या बारीक खिळ्यांपैकी एकेक जिभेने पुढे सरकवायचा आणि उजव्या हातातल्या हातोडीने ठोकायचा. असा माणूस दिवसभर मुका राहतो. संध्याकाळी तोंड मोकळं झालं तरी त्यातून फारसं काही निघत नाही. बायको होती तेव्हा ती दोघांच्या वाटचं बोलायची. ती गेल्यावर ते काम मुलीकडे आलं. मुलगी दहा वर्षांची, पण आईच्या वरताण.

मुलीच्या पायांत जन्मापासून बळ नव्हतं. तिची चाकाची खुर्ची दवाखान्यातून मिळालेली, पण तिच्यावरची बैठक बापाने स्वतः केलेली. घट्ट फोम, वर मऊ थर, कडेने निळी शिलाई. आठ वर्षांची झाल्यापासून ती घराबाहेर कोणाला उचलू देत नसे. घरात चालेल, बाहेर नाही. चारचौघांत बापाने नुसता हात पुढे केला तरी डोळे वटारायची.

चौथीपर्यंत सगळं सुरळीत होतं, कारण चौथीपर्यंतचे वर्ग तळमजल्यावर होते. पाचवी मात्र वर. शाळेला लिफ्ट नव्हती. मग पाचवीला गेलेल्या या मुलीला कुठे बसवायचं? तर साहित्याच्या खोलीत. तिथे फाटके नकाशे होते, कसरतीच्या गाद्या होत्या आणि एक मोडक्या दांडीचा पृथ्वीगोल होता. वर्गाच्या बाई वेळ मिळाला की खाली येऊन गृहपाठ देऊन जायच्या, आणि वेळ त्यांना क्वचितच मिळायचा. पाचवीचा वर्ग नेमका तिच्या डोक्यावर होता. बाकं करकरली की तिला कळायचं, बाई वर्गात आल्या, सगळे उभे राहिले. वरून पाढे ऐकू आले की ती खालून म्हणायची.

"मी पण म्हणते त्यांच्याबरोबर," तिने बापाला सांगितलं होतं. "त्यांना ऐकू जात नाही, एवढंच."

मधल्या सुट्टीत सोफेवाला डबा घेऊन शाळेत जायचा. बापलेक त्या खोलीत गादीवर डबा मांडून जेवायचे. मुलगी पृथ्वीगोल फिरवून एखाद्या देशावर बोट ठेवायची आणि बापाला नाव विचारायची. तो चुकायचा, ती हसायची. दिवसभरात सोफेवाला जे काही बोलायचा ते त्या अर्ध्या तासात. त्याला ती सुट्टी आवडायची, आणि आवडते म्हणून स्वतःचा रागही यायचा. कारण लेक एकटी पडली होती म्हणून तर ती सुट्टी त्याच्या वाट्याला आली होती.

उपाय सोपा होता. तळमजल्यावरची शिक्षकांची खोली वर न्यायची आणि पाचवी खाली आणायची. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, खोल्या बदलणं शाळा मंडळाच्या हातात. मंडळाच्या सचिवांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हा तर शाळेचा अंतर्गत प्रश्न. अशी टोलवाटोलवी महिनोन्महिने चालली. दोघंही इतकं गोड बोलायचे की घरी पोहोचेपर्यंत आपल्या तोंडाला पानं पुसली गेल्याचं कळायचंसुद्धा नाही.

त्या सुमारास पालकांचा एक गट जमला. जमवला तो एका नर्सबाईंनी. बाई फटकळ, आणि मंडळातल्या कोणाची भीडभाड ठेवणाऱ्या नव्हत्या. दर महिन्याला मंडळाची खुली बैठक व्हायची. तिथे कोणीही माइकपाशी जाऊन बोलावं, पण तीन मिनिटांत घंटा वाजायची आणि माणूस अर्ध्या वाक्यात तुटायचा. त्यावर नर्सबाईंनी तोड काढली. एकानेच बोलायचं, आणि ज्यांना ते पटतं त्यांनी मागे नुसतं उभं राहायचं.

"बोलायला वेळ लागतो," त्या म्हणाल्या, "उभं राहायला लागत नाही. आणि बसा म्हणायला त्यांची जीभ रेटणार नाही."

आणि खरंच रेटली नाही. पहिल्या बैठकीत मुलींच्या संडासांचा विषय निघाला आणि मागची बाकंच्या बाकं उठली. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुढच्या महिन्यात संडासांना दारं लागली. मग पाण्याची टाकी साफ झाली, मग वर्गावर न येणारे गणिताचे मास्तर वर्गावर येऊ लागले. सोफेवाला प्रत्येक वेळी उभा राहिला. न बोलता काही करता येतं, हे त्याला मनापासून पटलं होतं. त्या संध्याकाळी अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून उभं राहताना त्याला बायको गेल्यानंतर पहिल्यांदा बरं वाटलं. त्याचा विषय मात्र मागे राहिला, आणि तोही त्यानेच ठेवला. आमचं एकट्याचं आहे, आधी सगळ्यांचं होऊ द्या, असं तो म्हणाला होता.

शेवटी त्याची पाळी आली. आणि नेमकं तेव्हाच सचिवांनी त्याला बोलावून घेतलं. सभागृहातल्या मंडळाच्या खुर्च्यांची पार दैना झाली होती, स्प्रिंगा टोचत होत्या. तुमच्या हाताची ख्याती ऐकलीय, म्हणाले, हे काम तुम्हीच करा. दुकानात तेव्हा माश्या मारायची वेळ आली होती. पण सोफेवाला भुलला तो पैशाला नाही. त्याला वाटलं, रोज त्यांच्या डोळ्यांसमोर असलो तर विषय आपोआप निघेल, सचिव एक दिवस सहज म्हणतील, अहो, तुमच्या मुलीचं काय झालं? मुक्या माणसाचे हिशेब असेच असतात. आपण बोलायचं नाही आणि समोरच्याने ओळखायचं.

म्हणून त्याने नर्सबाईंना सांगितलं, या महिन्यात माझा विषय नको. जरा थांबा.

त्याने खुर्च्या जीव ओतून केल्या. जुना काथ्या उपसला, पट्टे नव्याने ताणले, पाठीला बाक दिला. सचिव रोज जाता-येता बघायचे, छान म्हणायचे आणि जायचे. विषय काही निघाला नाही. काम संपलं तेव्हा गटात कुजबुज पसरून जुनी झाली होती. सोफेवाल्याला मंडळाने खिशात घातलं म्हणे. तरी म्हटलं, एकदम जरा थांबा कशाला म्हणतोय. त्याच्यापर्यंत हे पोहोचलं ते सगळ्यात शेवटी, शेजारच्या वहिनींकडून. मुलीला संध्याकाळी सांभाळणाऱ्या त्या वहिनींनीही नजर चुकवतच सांगितलं.  त्याने बोलायला हवं होतं, पण तोंडात जणू खिळे होते.

पुढच्या बैठकीला तो गेला तेव्हा मुलगी बरोबर होती. माझ्याबद्दल बोलणार ना, मग मला ऐकायचंय, असा तिने हट्टच धरला. सभागृह भरलेलं होतं, कारण शाळेची वेळ बदलायचा विषय होता आणि त्याची झळ सगळ्यांना लागणार होती. गटातली सगळी माणसं होती. कोणी त्याला जागा करून दिली नाही. कोणी हटकलंही नाही. त्याने मुलीची खुर्ची भिंतीलगत लावली आणि नाव पुकारलं तसा माइकपाशी गेला.

तो बोलला. साहित्याच्या खोलीबद्दल, वरच्या बाकांच्या आवाजाबद्दल, मोठ्या बाई आणि सचिव यांनी महिनोन्महिने केलेल्या टोलवाटोलवीबद्दल. त्याचं बोलणं अडखळत होतं, पण खरं होतं. बोलता बोलता त्याचे कान मागे लागले होते. बाकं करकरण्याचा तो ओळखीचा आवाज आता येईल, मग येईल. आवाज आला नाही. त्याने वळून पाहिलं. सगळी बसलेली होती. कोणी हातातल्या कागदाकडे बघत होतं, कोणी छताकडे. नर्सबाई सरळ त्याच्याकडेच बघत होत्या, हाताची घडी घालून.

अध्यक्ष नव्या खुर्चीत आरामात रेलले होते. त्यांनाही ती प्रथा आता माहीत झाली होती.

"या बाबतीत तुमच्याबरोबर आणखी कोणी दिसत नाही," ते म्हणाले, आणि म्हणाले तेही सौम्यपणे.

 आपल्या मूर्खपणाची किंमत पोर मोजणार, एवढी एकच गोष्ट सोफेवाल्याला त्या क्षणी लख्ख दिसत होती.

"बाबा," भिंतीकडून आवाज आला. "मला उभं धर."

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण मुलीने दोन्ही हात वर केले होते, लहानपणी करायची तसे. तिचे कान लाल झाले होते. सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं आणि तिला ते कळत होतं.

तो माइक सोडून तिच्याकडे गेला. काखेत हात घालून त्याने तिला उचललं, पायांवर ठेवलं आणि मागून घट्ट धरून राहिला. तिचे पाय लटपटत होते, पाठ त्याच्या पोटाला टेकली होती. बापलेक उभे होते आणि माइक रिकामा होता. वेळ चालली होती. बोलायला कोणी नव्हतं. घंटेवर हात ठेवून बसलेल्या कारकुनाला तो हात कुठे ठेवावा ते कळेना.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नर्सबाई उठल्या आणि तरातरा माइकपाशी गेल्या.

"खोली कोण बदलणार, तुम्ही की मोठ्या बाई?" त्या म्हणाल्या. "एकाचं नाव सांगा. ती पोर फार वेळ उभी राहू शकत नाही."

मागे बाकं करकरली. एक, मग बरीच. अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं, सचिवांनी समोरच्या कागदांकडे. शेवटी अध्यक्ष म्हणाले की मुख्याध्यापिकांना तो अधिकार आहे, मंडळाची हरकत नाही. मोठ्या बाई पुढच्याच रांगेत होत्या. आता त्यांनाही पळवाट उरली नव्हती. म्हणाल्या, मग सोमवारी खोल्या बदलू. इतक्या महिन्यांचं काम एका वाक्यात झालं. सोफेवाल्याने मुलीला हळूच खुर्चीत बसवलं आणि तिने लगेच त्याचे हात बाजूला सारले.

बैठक संपल्यावर त्याने नर्सबाईंना आवारात गाठलं. काय म्हणायचं ते त्याने मनात जुळवलं होतं, पण तोंडातून भलतंच आलं.

"खुर्च्यांचं काम मी घ्यायला नको होतं."

"काम घेतलंत त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "पोट सगळ्यांनाच आहे. पण आम्ही तुमच्यासाठी उठायच्या तयारीत होतो आणि तुम्ही आम्हाला जरा थांबा म्हणालात. का, ते एकदासुद्धा सांगितलं नाहीत."

 उत्तर होतं, पण ते सांगायला त्याला अख्खी संध्याकाळ लागली असती, आणि नर्सबाईंना कामावर जायचं होतं.

"पोरीसाठी उठले," जाता जाता त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी नाही."

बाकीची माणसंही त्याच्या शेजारून निघून गेली. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. त्याच्याशी कोणी वाईट वागलं नाही. वाईट वागायलाही थोडी जवळीक लागते.

सोमवारी पाचवी खाली आली. शिक्षक मंडळी कपाटं वर चढवताना कुरकुरत होती. वर्गाच्या दारापर्यंत बापाने खुर्ची ढकलली, पुढे मुलीने स्वतःच्या हाताने चाकं फिरवली. बाई आल्या, बाकं करकरली, सगळी मुलं उभी राहिली. मुलगी बसूनच होती, पण या वेळी त्यांच्यामध्ये होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. सोफेवाला दारात थोडा रेंगाळला आणि दुकानात गेला.

मधल्या सुट्टीत तो डबा घेऊन शाळेत आला. मुलीचा डबा त्याने सकाळीच तिच्या दप्तरात दिला होता, हे त्याला फाटकापाशी आठवलं. तरी आलोच आहोत म्हणून तो खिडकीपर्यंत गेला. आत दोन बाकं जोडून पाच-सहा मुली जेवत होत्या. मधोमध त्याची लेक हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि बाकीच्या हसत होत्या. तिने त्याला पाहिलं. चाकं फिरवत दारापर्यंत आली.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "उद्यापासून नको येऊस हं. सगळ्या बघतात."

"बरं," तो म्हणाला. आणि ते त्याला खरंच बरं वाटलं. 

तो दुकानात परत आला. दुरुस्तीला आलेल्या एका सोफ्याच्या उघड्या लाकडी चौकटीवर बसून त्याने डबा उघडला. समोर विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून देशांची नावंही आठवली नाहीत. दोन घास खाल्ले तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी खुर्च्या सरकवल्या. पाहुणे आले असावेत. पावलं वाजली, कोणीतरी मोठ्याने काही बोललं, सगळे हसले. सोफेवाला घास हातात धरून छताकडे बघत राहिला. लेक इतके महिने खाली बसून काय ऐकत होती, ते त्याला आज कळलं.