बोटीतली चौथी जागा

कुणाला सांगून पटायचं नाही, पण एका बोटीत बसून चार माणसं संध्याकाळभर भांडली आणि पाणी तिथून कोसभर लांब होतं.

बोट खडूची होती. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने ती आपल्या घरात, पुढच्या खोलीतल्या फरशीवर आखली होती. एक नव्हे, दोन. मोठीच्या पोटात लहान. गाडीमागे ट्रेलरवर घालून नेता येईल अशी शिडाची बोट त्याला घ्यायची होती. सुट्टीला चौघांनी तलावावर जायचं, डबा खायचा, परत यायचं. जन्मभर लोकांना वर नेलं नि खाली आणलं. घरच्यांना एकदा आडवं न्यावं, एवढीच त्याची हौस.

"लहानीत माझे गुडघे बाहेर येतात," बायको म्हणाली.

"मग पाण्यात सोड," धाकटी मुलगी म्हणाली. थोरलीने सुकाणू म्हणून झाडू धरला होता.

"लहान तिघांची आहे," त्याने समजावलं. "मोठीला मात्र चौघं लागतात. वारा आला की पलीकडे वजन हवं. एक जरी कमी बसलं तर कलंडते."

"म्हणजे रुसून घरी बसायची सोय नाही," बायको म्हणाली, आणि मोठी ठरली.

ती पडदे आणि ताडपत्र्या शिवायची. शिडाला खोळ हवी म्हणून तिने दुसऱ्याच दिवशी जाड कापड आणलं. कापडामागोमाग दुखणं आलं. कापड कपाटात गेलं, ती पलंगावर. पलंग पुढच्या खोलीत आणावा लागला, तो नेमका त्या रेघांवर. रेघा कुणी पुसल्या नाहीत. डॉक्टर आधी औषधं बदलायचे. आता म्हणायचे, त्यांना आवडेल ते खाऊ द्या.

"अहो, ती बोट आणाच," एका सकाळी ती म्हणाली. "मला काही बसता यायचं नाही. पण कशी चालते ते कानांनी तरी ऐकू द्या. उगाच लांबवू नका."

शेजारणीला तिच्यापाशी बसवून तो मुलींना घेऊन निघाला.

बोटी विकणारा म्हातारा पत्र्याच्या शेडमध्ये रंगाचा ब्रश धूत होता. "किती माणसं?" त्याने विचारलं.

लिफ्टवाला डोलकाठीकडे बघत राहिला.

"अहो, ही तिघांची. चौथं चढलं की पाणी आत. ती पलीकडची चौघांची. म्हणून विचारतो."

"चौघं," तो म्हणाला. मग म्हणाला, "सध्या घरात आजारपण आहे."

"मग चौथ्या जागी वाळूची गोणी टाका. बरेच जण टाकतात. गोणीचं बरं असतं, वाटेत कटकट करत नाही."

म्हातारा आपल्याच विनोदावर हसला. त्याचं काही चुकलं नव्हतं. लहान घ्यायची तर तीन म्हणावं लागणार होतं, मोठी घ्यायची तर गोणी. लिफ्टवाल्याने दोन्ही बोटींच्या काठांवरून हात फिरवला आणि रिकामी गाडी वळवली.

थापा मारण्यात मात्र त्याचा हात कुणी धरला नसता. त्याच्या एका गोष्टीत बंद पडलेल्या लिफ्टमधून, भांडत चढलेली दोन माणसं लग्न ठरवून उतरली होती.

"घेतली," पलंगाच्या कडेला बसत तो म्हणाला. "मोठी. तिथूनच तलावावर गेलो, फेरीही मारून आलो. तुझा विश्वास बसायचा नाही."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"सांगा तरी."

"वारा असा, की काठावर एकाची टोपी उडाली. तो पळाला टोपीमागे, पण टोपीपाशी आम्ही आधी पोचलो. मग एक बगळा येऊन बसला डोलकाठीवर. उतरायचं नाव नाही. धाकटी म्हणते, याचं तिकीट कोण काढणार?"

ती हसली. हसताना धाप लागली, तरी तिने हातानेच खूण केली, पुढे.

"थोरलीने सुकाणू धरलं. कुणाचं ऐकेल तर शपथ. तुझ्यावर गेलीय."

"आणि माझ्या जागी कोण बसलं?"

"कुणी नाही." हे त्याने आधी ठरवलेलं नव्हतं. "धाकटी बसत होती, तिला उठवलं. म्हटलं, ही आईची जागा. रिकामी ठेवली."

"वारा तेवढाच होता?"

"घोंघावत होता."

"आणि बोट?"

"सरळ. पाण्यावर रेघ ओढावी तशी."

ती पांघरुणाची घडी बोटाने मोडत राहिली.

"अहो, थाप मारायची तर नीट मारावी," ती म्हणाली. "एक माणूस कमी असलं की ती कलंडते, तुम्हीच सांगितलंय. जागा रिकामी ठेवून तुम्ही कुठे गेलाच नाहीत."

तो फरशीकडे बघू लागला. पलंगाच्या पायाखालून खडूची रेघ बाहेर आली होती.

"कपाटात खोळीचं कापड आहे ना, थोरलीला म्हणावं, त्याची पिशवी शिव. वाळू भरा नि ठेवा माझ्या जागी." धाप ओसरेपर्यंत ती थांबली. "फार भरू नका पण. माझं वजन आता तेवढं राहिलं नाही."